फियॉर्डलँडमध्ये ट्रेक आणि कयाकिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूझीलंडच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या फियॉर्डलँडबद्दल पुण्या-मुंबईचे, नाशिकचे ट्रेकर आणि ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतली मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फियॉर्डलँड नक्की कुठे आहे आणि पोहोचायचं कसं?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. १९५२ साली स्थापन झालेलं हे राष्ट्रीय उद्यान सुमारे १२,६०० चौरस किलोमीटरचं, म्हणजे देशातलं सर्वांत मोठं आहे. हिमनद्यांनी डोंगर खोल कोरले, बर्फ मागे हटल्यावर त्या दऱ्यांत समुद्र शिरला, त्यातून हे फियॉर्ड झाले. कडा जितका पाण्यावर दिसतो, तसाच तो पाण्याखालीही सरळ उतरत गेलेला असतो.

भारतातून सिंगापूरसारख्या ठिकाणी विमान बदलून ऑकलंड किंवा क्राइस्टचर्च, तिथून क्वीन्सटाउन. क्वीन्सटाउनहून ते अनाऊ हे तळ्याकाठचं छोटं गाव गाडीने दोनेक तासांवर. मुक्काम तिथेच करा. मिलफर्ड साउंड हा सर्वांत प्रसिद्ध फियॉर्ड तिथून आणखी सुमारे १२० किलोमीटर. बरेच जण क्वीन्सटाउनहून एका दिवसात मिलफर्ड करून परततात. त्यात जाऊन-येऊन आठ तास गाडीत जातात आणि हवामान बिघडलं की दुसरी संधी उरत नाही.

२. व्हिसाचं काय? मी अमेरिकन नागरिक आहे, आई-बाबा भारतीय पासपोर्टवर येणार आहेत.

दोघांचे मार्ग वेगळे. भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसा आधी काढावा लागतो आणि त्यात वेळ जातो. अमेरिकन पासपोर्टला व्हिसा लागत नाही, पण निघण्यापूर्वी ऑनलाइन इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी घ्यावी लागते. ट्रेकचं बुकिंग व्हिसाच्या आधी उघडतं, म्हणून रद्द करण्याच्या अटी वाचूनच पैसे भरा.

३. तिथे पाऊस फार, असं सगळे सांगतात. आम्ही दर पावसाळ्यात सह्याद्रीत असतो. आम्हाला काय अडचण?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

मिलफर्ड साउंडला वर्षाला साधारण साडेसहा हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आंबोलीच्या तोडीचा आकडा आहे. फरक असा, की आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग आकाश मोकळं होतं. मिलफर्डला ऋतू नाही. वर्षातले निम्मे दिवस पाऊस असतो आणि जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यातही दोन दिवस संततधार लागू शकते. टास्मान समुद्रावरून येणारे ढग थेट डोंगरांवर आदळतात आणि पश्चिम बाजूला रिते होतात. डोंगरांपलीकडच्या ते अनाऊला मात्र त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी पाऊस. घाटमाथा आणि देश यांत जो फरक आपण पाहतो, तोच इथे.

दुसरा फरक थंडीचा. राजमाचीला भिजलात तर पाऊस कोमट असतो आणि खाली चहा मिळतो. फियॉर्डलँडच्या खिंडीत पावसासोबत झोडपणारा गार वारा असतो, आणि वर्षाच्या कुठल्याही महिन्यात बर्फ पडू शकतो. भिजलेला सुती टी-शर्ट अंगावर ठेवून तासभर वाऱ्यात चाललं की शरीराचं तापमान धोकादायक उतरतं. हात थरथरतात, माणूस अडखळायला लागतो, नीट बोलत नाही. म्हणून सुती कपडे आणि जीन्स घरीच. अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिप्रोपिलीन, त्यावर फ्लीस, सर्वांत वर शिवणी सीलबंद असलेलं टोपीचं रेनकोट-जॅकेट. पोंचो वाऱ्यात फडफडतो, उपयोगाचा नाही. सॅकला नुसतं रेनकव्हर पुरत नाही. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान त्यात भरा आणि एक जोडी पूर्ण कोरडे कपडे झोपण्यासाठी राखून ठेवा. ते चालताना वापरायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी.

एवढं सांगून हेही मनापासून सांगतो, की पाऊस टाळायला धडपडू नका. कोरड्या दिवशी कड्यांवर मोजके मोठे धबधबे दिसतात. जोराचा पाऊस सुरू झाला की त्याच काळ्या खडकावरून शेकडो पांढऱ्या धारा सुटतात. काही इतक्या बारीक, की वारा त्यांना मध्येच उचलतो आणि त्या खाली पोहोचतच नाहीत. पाऊस थांबल्यावर काही तासांत सगळं नाहीसं होतं. ज्यांनी निरभ्र दिवशीच मिलफर्ड पाहिलं, त्यांचं अर्धं राहिलं, असं माझं ठाम मत आहे.

४. कोणत्या महिन्यात यावं?

मोठ्या ट्रेकचा हंगाम ऑक्टोबरअखेर ते एप्रिलअखेर. डिसेंबर-जानेवारीत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, पण गर्दीही तेव्हाच. मला फेब्रुवारी-मार्च आवडतात. हंगामाबाहेरच्या ट्रेकसाठी प्रश्न १३ पाहा.

५. मिलफर्ड, केपलर, रूटबर्न या तीन ट्रेकपैकी पहिल्यांदा कोणता करावा?

पहिल्यांदा येणाऱ्यांना मी केपलर सुचवतो, जरी सगळे मिलफर्डचं नाव घेऊन येतात.

केपलर ६० किलोमीटरचा गोल फेरा आहे, तीन ते चार दिवसांचा. सुरुवात ते अनाऊ गावातून पायी गाठता येते, बोट किंवा बस ठरवायची गरज नाही. पहिल्या दिवशी बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून चढ, मग झाडं एकदम संपतात आणि वर ट्रेकरांच्या मुक्कामाची लक्समोर हट. दुसरा दिवस उघड्या धारेवरून, दोन्ही बाजूंना तळ्यांचे फाटे दिसत. सह्याद्रीत राजगड-तोरणा केलेल्याला चढ जड जाणार नाही. मात्र त्या धारेवर वारा इतका असू शकतो की उभं राहणं मुश्कील. म्हणूनच वाटेत दोन आपत्कालीन निवारे बांधले आहेत. सकाळी हटवरचे रेंजर हवामान वाचून दाखवतात. ते थांबा म्हणाले तर थांबायचं.

मिलफर्ड ५३.५ किलोमीटर, चार दिवस, तीन रात्री, आणि हंगामात एकाच दिशेने. सुरुवातीला ते अनाऊ तळ्यातून बोट, शेवटी सॅन्डफ्लाय पॉइंटहून पुन्हा बोट. मधली मॅकिनन खिंड १,१५४ मीटरवर आहे. क्विंटन मॅकिननने १८८८ मध्ये हा मार्ग शोधला, नाव त्याचंच. तिसऱ्या दिवशी सदरलँड धबधब्याकडे जाणारी आडवाट आहे, जाऊन-येऊन दीड तास. गुडघे कुरकुरत असले तरी ती सोडू नका. तीन टप्प्यांत ५८० मीटर पाणी पडतं आणि पायथ्याशी गेल्यावर तुषारांनीच माणूस ओलाचिंब होतो.

रूटबर्न ३३ किलोमीटरच्या आसपास, दोन ते चार दिवस, दोन राष्ट्रीय उद्यानांच्या मधून. उंचावरची दृश्यं कमी दिवसांत हवी असतील तर हाच. पण दोन टोकांमधलं गाडीचं अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे, म्हणून परतीची बस आधी ठरवा.

६. बुकिंग कसं करायचं? मिलफर्डचं कधीच मिळत नाही.

हे ट्रेक संवर्धन विभाग चालवतो. विभागाला तिथे सगळे डॉक म्हणतात आणि बुकिंग त्यांच्याच संकेतस्थळावर होतं. पुढच्या हंगामाचं बुकिंग साधारण मे-जूनमध्ये, प्रत्येक ट्रेकचं वेगळ्या दिवशी उघडतं. तारखा आधी जाहीर होतात. मिलफर्डला स्वतंत्रपणे चालणाऱ्या फक्त ४० जणांना दररोज प्रवेश असतो आणि सगळ्यांना तिन्ही हटमध्ये ठरल्या क्रमानेच राहावं लागतं, म्हणून जागा मिनिटांत संपतात. आधीच खातं उघडून ठेवा, सोबत्यांची माहिती हाताशी ठेवा, तीन पर्यायी तारखा ठरवा आणि भारतीय वेळ नीट मोजा. परदेशी पर्यटकांना दर जास्त आहे. नंतर रद्द झालेल्या जागा परत दिसू लागतात. एकट्या-दुकट्याला त्या मिळतात, सहा जणांच्या ग्रुपला क्वचितच.

वाटाड्यासह, खासगी निवासांत राहून करायचा मिलफर्डही आहे. तो बराच महाग पडतो.

७. हट भरले असतील तर तंबू लावून झोपलं तर चालेल का?

मिलफर्ड ट्रॅकवर तंबू लावायला अजिबात परवानगी नाही. केपलर आणि रूटबर्नवर ठरावीक कॅम्पसाइट आहेत, पण त्यांचंही बुकिंग लागतं. वाटेपासून थोडं आत जाऊन गुपचूप मुक्काम करणं नियमाविरुद्ध आहे. त्याहून महत्त्वाचं, की तिथली शेवाळी जमीन एकदा तुडवली की कित्येक वर्षं सावरत नाही. आपल्या गडांवर मोकळ्या मुक्कामाने काय झालं ते आपण पाहिलं आहे.

८. हटमध्ये काय मिळतं? शाकाहारी जेवणाची सोय होते का?

हंगामात गाद्या असलेले बंक, गॅसच्या शेगड्या, पाणी, शौचालय, शेकोटीची खोली. भांडी, ताटली, स्लीपिंग बॅग, जेवण यातलं काहीही मिळत नाही. वाटेत गाव नाही, टपरी नाही, पिठलं-भाकरी करून देणारं घर नाही. चार दिवसांचं सगळं पाठीवर न्यायचं आणि कचरा पाठीवरच परत आणायचा.

शाकाहारी माणसाला त्रास होत नाही. क्वीन्सटाउन आणि ते अनाऊच्या सुपरमार्केटमध्ये पोहे नाही मिळाले तरी ओट्स, कुसकुस, मसूर, नूडल्स, दाणे, चॉकलेट मिळतं. ट्रेकिंगच्या दुकानांत गरम पाणी घालून खायची शाकाहारी पाकिटंही असतात. जैन जेवणारे असतील तर त्या पाकिटांवरची यादी वाचा, कांदा-लसूण बहुतेक सगळ्यांत असतो.

९. घरून मसाले, लाडू, चिवडा, जुने ट्रेकिंगचे बूट आणता येतील का?

विमानतळावरच्या जैवसुरक्षा तपासणीइतकी कडक तपासणी बहुतेकांनी आधी पाहिलेली नसते. नियम साधा आहे : खाण्याचं काहीही असलं, सुपारीची पुडी असली, तरी फॉर्मवर जाहीर करायचं. जाहीर केलं तर फार तर ती वस्तू काढून घेतात. लपवलं किंवा विसरलं तर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवरच. मध नेऊच नका. घरचं तूप, दुधाचे पदार्थ, अख्खं धान्य आणि बिया यांच्यावरही अडतं, म्हणून टाळलेलं बरं. फळ विमानातच खाऊन संपवा.

बूट, गेटर (पोटरीवर बांधायची आवरणं), तंबू, काठ्या हेही जाहीर करायचं, आणि त्याआधी स्वच्छ धुवायचं. बुटाच्या तळव्याच्या खाचांत सुकलेली लाल माती राहते. ती टूथब्रशने काढा, तपासणारे नेमकं तिथेच पाहतात. यामागे कारण आहे. २००४ मध्ये याच भागातल्या वायाऊ नदीत डिडिमो नावाचं परकं शेवाळ सापडलं आणि तिथून दक्षिण बेटातल्या अनेक नद्यांत पसरलं. म्हणून एका नदीतून दुसरीकडे जातानाही बूट आणि कयाकचं सामान तपासा, धुवा, वाळवा.

१०. सॅन्डफ्लाय खरंच इतकी त्रासदायक असते का?

हो. चिलटाएवढी काळी माशी, चावा बारीक, खाज आठवडाभर. मादीच चावते. दिवसाउजेडी, वारा पडलेला असताना, तुम्ही थांबलात की येते. भरभर चालत असताना, जोराच्या वाऱ्यात आणि अंधार पडल्यावर ती त्रास देत नाही. म्हणून फोटोसाठी किंवा जेवायला थांबायचं तर उघड्या, वाऱ्याच्या जागी थांबा. डीट किंवा पिकारिडिन असलेलं, माश्यांना दूर ठेवणारं मलम ते अनाऊत घ्या, लांब बाह्या आणि मोजे घाला, घोटे विसरू नका.

११. वाटेत ओढा फुगला तर काय करायचं?

थांबायचं. इथले ओढे पावसात तासा-दोन तासांत फुगतात आणि पाऊस थांबल्यावर तितक्याच लवकर उतरतात, कारण उतार उभे आहेत आणि खडकावर माती पातळ. अर्धा दिवस वाट पाहण्यात वेळेखेरीज काही जात नाही. मोठ्या ट्रेकवर मुख्य नद्यांवर पूल आहेत, पण जोराच्या पावसात मिलफर्डच्या वाटेवरच गुडघाभर पाणी येतं. अशा वेळी रेंजर सांगतील तेव्हाच निघायचं, गरज पडली तर हटमध्ये आणखी एक रात्र काढायची. एका दिवसाचं जास्तीचं खाणं सॅकमध्ये असावं ते यासाठी.

पाणी गढूळ झालंय, दगड गडगडल्याचा आवाज येतोय, झाडाच्या फांद्या वाहत येताहेत, यातलं एक जरी दिसलं तरी ओढ्यात पाय घालू नका. आपल्याकडे दोर धरून साखळी करून ओलांडण्याची सवय असते. ती इथे वापरू नका.

१२. मोबाइलला रेंज असते का? काही झालं तर कोणाला कळवायचं?

ते अनाऊ सोडलं की रेंज जवळपास संपते. ट्रेकवर तर नाहीच. आपत्कालीन क्रमांक १११ आहे, पण तो लावायला रेंज लागते. म्हणून लोकेटर बीकन बरोबर घ्या. कळ दाबली की तुमचं ठिकाण उपग्रहामार्फत बचाव केंद्राला कळतं. ते अनाऊत तो भाड्याने मिळतो. निघण्यापूर्वी न्यूझीलंडमधल्या कुणाला तरी, ओळखीचं नसेल तर मुक्कामाच्या मालकाला, तुमचा मार्ग आणि परतायची वेळ लिहून द्या. पुण्यातल्या घरच्यांना नुसतं व्हॉट्सअप करून भागत नाही, कारण त्यांना तिथे कोणाला फोन करायचा हेच माहीत नसतं.

१३. जून-जुलैत सुट्टी आहे. तेव्हा ट्रेक करता येईल का?

तेव्हा तिथे कडक हिवाळा. हटमधले गॅस आणि रेंजर काढून घेतलेले असतात, मिलफर्ड ट्रॅकवरचे काही पूलही हिमस्खलनात तुटू नयेत म्हणून उचलून ठेवतात. हिमकुऱ्हाड, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे बर्फातले काटे) आणि हिमस्खलनाचं ज्ञान असलेल्यांनीच विचार करावा. हिमालयात फक्त मे-जूनचे ट्रेक केले असतील तर ते ज्ञान पुरेसं नाही. बाकीच्यांनी ते अनाऊच्या आसपासच्या खालच्या वाटा आणि मिलफर्डची बोटफेरी करावी. त्या दिवसांत हवा बऱ्याचदा स्वच्छ असते. गाडी चालवणार असाल तर मे ते नोव्हेंबर मिलफर्डच्या रस्त्यावर टायरच्या साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात.

१४. कयाक कधी चालवलेली नाही आणि पोहताही येत नाही. जमेल का?

वाटाड्यासह जाणाऱ्या दिवसभराच्या फेऱ्यांत बहुतेक नवखेच असतात. कयाक दोघांची, रुंद आणि स्थिर असते. मागच्याच्या पायाशी सुकाणू, पुढचा लय धरतो. पोहता येणं बहुधा सक्तीचं नसतं, कारण लाइफ जॅकेट असतंच. पण पाण्याची भीती असेल तर आधीच स्पष्ट सांगा, लपवू नका. कयाकच्या तोंडावर आणि कमरेभोवती एक घट्ट झगा बसवतात. उलटलीच तर त्याच्या पुढच्या पट्ट्याला ओढून बाहेर पडायचं. काठावर हे शिकवतात तेव्हा फोटो काढत बसू नका, पट्टा डोळे मिटून सापडतोय का ते पाहा.

वल्हं हातांनी ओढू नका, कमरेतून वळा. हे जमलं तर दुसऱ्या दिवशी खांदे दुखत नाहीत. कपडे प्रश्न ३ मधलेच.

१५. कयाकिंगसाठी मिलफर्ड साउंड चांगलं की डाउटफुल साउंड हा दुसरा फियॉर्ड?

वेळ एकच दिवस असेल तर मिलफर्ड. तिथे माइटर शिखर थेट पाण्यातून जवळजवळ १,७०० मीटर वर उठतं आणि कयाकमधून मान मागे टाकूनही टोक नीट दिसत नाही. स्टर्लिंग धबधबा सुमारे दीडशे मीटरचा, पायथ्याशी त्याचा वारा कयाक मागे ढकलतो. पण मोठ्या बोटींची ये-जा असते, त्यांच्या लाटा आडव्या न घेता नाक त्यांच्याकडे करून घ्यायच्या.

डाउटफुलला पोहोचणं हाच अर्धा प्रवास. मानापौरी तळं बोटीने ओलांडायचं, मग बसने विल्मट खिंड, मग फियॉर्ड. सुमारे ४० किलोमीटर लांब, अनेक फाटे असलेलं पाणी. १७७० मध्ये कॅप्टन कुक तोंडाशी आला, पण आत शिरल्यावर वाऱ्यावर परत बाहेर पडता येईल याची खात्री वाटेना, म्हणून तो शिरलाच नाही. तिथे रात्रीचा मुक्काम असलेली कयाकफेरी मिळाली तर नक्की घ्या. बोटी गेल्यावर ऐकू येतं ते फक्त वल्ह्यांवरून ठिबकणारं पाणी आणि पक्षी.

मानापौरी तळ्याची गोष्टही जाताना मनात असू द्या. जलविद्युत प्रकल्पासाठी त्याची पातळी उंचावायची योजना होती, काठची जंगलं बुडाली असती. १९७० मध्ये २,६४,९०७ लोकांनी सह्या केलेला अर्ज संसदेत गेला. वीजकेंद्र झालं, जमिनीखाली आजही चालू आहे, पण तळं उंचावलं नाही. नर्मदेकाठची आंदोलनं जवळून पाहिलेल्या आपल्या पिढीला हा निकाल ऐकून काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

१६. फियॉर्डचं पाणी काळं का दिसतं?

पावसाचं पाणी जंगलातल्या कुजलेल्या पानांतून झिरपताना चहाच्या रंगाचं होतं आणि समुद्राच्या खाऱ्या, जड पाण्यावर काही मीटरचा गोडा थर होऊन पसरतं. हा थर उजेड अडवतो. त्यामुळे एरवी खूप खोलवर राहणारं काळं प्रवाळ इथे दहा-पंधरा मीटरवरच वाढतं. थर किती जाड, ते अलीकडच्या पावसावर. डाउटफुलच्या डीप कोव्हला वीजकेंद्राचं पाणीही येऊन मिळतं.

कयाकमधून कड्यांकडे पाहा. गर्द हिरव्यात उभे फिकट पट्टे दिसतील. खडकावर माती जवळजवळ नाहीच. शेवाळावर रुजलेली झाडं एकमेकांच्या मुळांना धरून उभी असतात. एक सुटलं की खालची सगळी घेऊन पाण्यात येतं. फिकट पट्टा म्हणजे तिथे जंगल पुन्हा रुजतंय. अशा पट्ट्याखाली पावसात कयाक थांबवू नका.

१७. वाटाड्याशिवाय, कयाक भाड्याने घेऊन स्वतः गेलं तर?

समुद्रातला आणि वाऱ्यातला अनुभव असलेल्यांनीच. चांगल्या हवेतही दुपारी समुद्रावरून वारा आत शिरतो आणि दोन्ही कड्यांमुळे बोगद्यासारखा वेग घेतो. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी जेवणानंतर ओळखू येत नाही. कड्यांना किनारा नाही, कित्येक किलोमीटर उतरायला जागा मिळत नाही. कोकणच्या खाडीत कयाक केलेल्यांनाही मी पहिल्यांदा वाटाड्यासहच जा असं सांगतो.

१८. प्राण्यांजवळ किती जाता येतं? किआ पक्षी सॅक फाडतो हे खरं का?

खरं. किआ हा डोंगरी पोपट अत्यंत हुशार. चेन उघडतो, बुटांच्या नाड्या आणि गाडीचे रबर कुरतडतो. बूट हटच्या आत ठेवा. त्याला खायला कधीही देऊ नका, त्याने माणसांभोवती घिरट्या घालायची सवय लागते आणि तो मरतो. सीलपासून किमान २० मीटर दूर राहा. डॉल्फिन स्वतःहून कयाकजवळ आले तर वल्हं थांबवा, पाठलाग करू नका. ड्रोन उडवायला राष्ट्रीय उद्यानात परवाना लागतो.

१९. आई-बाबा पासष्टीचे आहेत, लांब चालणार नाहीत. त्यांना आणू का?

जरूर आणा. ते अनाऊ-मिलफर्ड रस्ता, बोटफेरी, आणि गुडघे चांगले असतील तर त्याच रस्त्यावरच्या ‘डिव्हाइड’ या ठिकाणाहून ‘की समिट’ची वाट : ९१८ मीटरवरचा माथा, जाऊन-येऊन तीन तास, वळणावळणाची चांगली वाट. ते अनाऊच्या पक्षी अभयारण्यात ताकाहे दिसतो. तो पक्षी नामशेष झाला असं मानत होते, १९४८ मध्ये समोरच्याच मर्चिसन डोंगरांत पुन्हा सापडला.

२०. विमा लागतो का? तिथे अपघाताचा खर्च सरकार करतं असं ऐकलं.

अपघाती दुखापतीच्या उपचाराचा बराचसा खर्च तिथली सरकारी योजना पर्यटकांसाठीही करते, हे बरोबर. पण आजारपण, छातीत दुखणं, रद्द झालेली विमानं, भारतात परत आणण्याचा खर्च यांत येत नाही. साठीपुढच्यांचा प्रवास विमा न चुकता काढा आणि त्यात ट्रेकिंग व कयाकिंग स्पष्ट लिहून घ्या.

२१. मिलफर्डचा रस्ता बंद झाला तर पैसे बुडतात का?

रस्ता एकच आहे. होमर बोगद्यातून जातो, दरड, पूर, बर्फ यांनी बंद पडतो. फेब्रुवारी २०२० च्या पुरात तो अनेक ठिकाणी वाहून गेला, शेकडो लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं आणि रूटबर्नवरची हाउडन हट दरडीखाली गेली. रस्त्याची स्थिती रोज सकाळी जाहीर होते, ती पाहूनच निघा. टाकी ते अनाऊलाच भरा.

ट्रॅकच डॉकने बंद केला तर हटचे पैसे परत मिळतात. हवामान खराब दिसतंय म्हणून तुम्ही स्वतः माघार घेतलीत तर सहसा नाही. बोट, बस आणि कयाकवाल्यांच्या अटी प्रत्येकाच्या वेगळ्या, त्या बुकिंगपूर्वी विचारा. ट्रेकच्या आधी आणि नंतर एकेक दिवस रिकामा ठेवा, आणि परतीचं आंतरराष्ट्रीय विमान ट्रेक संपण्याच्या दिवशी कधीही घेऊ नका.